कोलंबस : एका लहान गावाच्या मोठ्या वास्तू

अमेरिका म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क, शिकागो अशी महानगरे आणि त्यांतील गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. परंतु त्या देशाचे सार्वजनिक जीवन ज्या पायावर उभे राहिले तो पाया लहान गावांचा आहे. विशेषतः देशाच्या मध्यभागातील ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा इत्यादी राज्यांत मक्याच्या विस्तीर्ण शेतांमधून जाणारा प्रवासी दर वीस-पंचवीस मैलांवर अशा एखाद्या गावी पोहोचतो. मध्यभागी चौक, चौकात घड्याळाचा मनोरा असलेली काउंटीची कचेरी, भोवती विटांच्या दुमजली-तिमजली पेढ्या व दुकाने, दोन-तीन चर्चे, एक ग्रंथालय आणि आगगाडीचे स्थानक, अशी त्यांची ठरावीक रचना. काउंटी हा त्या देशातील स्थानिक कारभाराचा घटक होय. विस्ताराने तो आपल्याकडील एखाद्या तालुक्यासारखा, परंतु न्यायालय, तुरुंग, जमिनीचे दप्तर आणि निवडून दिलेले अधिकारी हे सर्व त्याचे स्वतःचे असते. इंडियाना राज्यात अशा ९२ काउंट्या आहेत आणि तितकीच त्यांची मुख्य ठाणी. त्यांपैकी बार्थोलोम्यू काउंटीचे ठाणे म्हणजे कोलंबस हे गाव.

२०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती पन्नास हजारांच्या किंचित वर होती. १९५० साली ती अवघी अठरा हजारांच्या आसपास होती. असे असूनही एलियल सारिनेन, ईरो सारिनेन, आय. एम. पेई, रॉबर्ट व्हेंचुरी, सीझर पेली, केव्हिन रोश अशा विसाव्या शतकातील अग्रगण्य वास्तुविशारदांच्या कृती या एकाच गावात आढळतात. अमेरिकेच्या वास्तुविशारद संस्थेने १९९१ मध्ये वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क यांच्या पंक्तीत कोलंबसला सहावे स्थान मिळाले. हे कसे घडले आणि घडलेले टिकविण्यासाठी गावाला काय करावे लागले, याचा वृत्तांत सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा असा आहे.

वसाहत आणि नामांतर

इंडियानाची राजधानी इंडियानापोलिस हिच्या दक्षिणेस सुमारे चाळीस मैलांवर ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्यांचा संगम होतो आणि तेथून व्हाइट नदीचा पूर्वेकडील फाटा सुरू होतो. या संगमावरच हे गाव वसले आहे. १८१८ च्या सेंट मेरीज येथील तहांन्वये डेलावेअर, मायामी इत्यादी मूळ रहिवाशांच्या जमातींकडून मध्य इंडियानाचा मोठा प्रदेश सरकारने मिळविला आणि दोन वर्षांच्या आत तेथे गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली. १८२० मध्ये जनरल जॉन टिप्टन व ल्यूक बोनस्टील यांनी संगमाजवळची जमीन खरेदी केली. टिप्टन यांनी एका टेकाडावर लाकडी ओंडक्यांचे घर बांधले आणि वसाहतीस त्यांच्याच नावावरून टिप्टोना असे नाव पडले.

१८२१ च्या आरंभी काउंटीची स्थापना झाली. तिला टिपेकनूच्या १८११ मधील लढाईत जखमी झालेल्या जोसेफ बार्थोलोम्यू या सेनाधिकाऱ्याचे नाव देण्यात आले. ठाण्याची जागा म्हणून टिप्टोनाची निवड झाली. मात्र २० मार्च १८२१ रोजी गावाचे नाव बदलून कोलंबस असे ठेवण्यात आले. या नामांतराने दुखावलेल्या टिप्टन यांनी गाव सोडले, अशी तेथील परंपरागत समजूत आहे. ते पुढे इंडियानाचे प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय सिनेटमध्ये गेले.

याच टिप्टन यांच्या हातून इतिहासातील एक कठोर कर्मही घडले. १८३८ मध्ये उत्तर इंडियानातील पोटावाटोमी जमातीच्या आठशेंहून अधिक स्त्री-पुरुष-बालकांना सशस्त्र पहाऱ्यात कॅन्ससच्या प्रदेशाकडे पायी हाकलण्यात आले. त्या पथकाचे नेतृत्व टिप्टन यांच्याकडे होते. दोन महिन्यांच्या त्या वाटचालीत चाळीसहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बालकांची संख्या अधिक होती. हा मार्ग इतिहासात 'मृत्यूचा माग' म्हणून ओळखला जातो. कोलंबसच्या सुंदर वास्तूंची कथा सांगताना ती ज्या भूमीवर उभी आहे त्या भूमीचा हा पूर्वेतिहास वगळणे योग्य होणार नाही.

कचेरी आणि चौक

ओहायो नदीवरील मॅडिसन या बंदरापासून इंडियानापोलिसकडे जाणारा लोहमार्ग हा राज्यातील पहिला लोहमार्ग. तो १८४४ मध्ये कोलंबसला पोहोचला आणि दलदलीच्या काठावरील या वसाहतीचे बाजारपेठेत रूपांतर झाले. शेतकऱ्यांचे धान्य येथे येऊ लागले, गिरण्या व कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सिरिअलाइन' नावाचा मक्यापासून केलेला न्याहारीचा पदार्थ येथील गिरणीत तयार होऊन दूरवर जात असे.

या भरभराटीची साक्ष म्हणजे १८७४ मध्ये पूर्ण झालेली काउंटीची कचेरी. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आयझॅक हॉजसन या वास्तुविशारदाने फ्रान्समधील दुसऱ्या साम्राज्याच्या काळातील शैलीत तिची आखणी केली. तांबड्या विटा, चुनखडीच्या दगडाचे काम, उतरती उंच छपरे आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा अशी ही इमारत असून तिला त्या काळी सुमारे अडीच लाख डॉलर खर्च आला. एका शेतकरी वस्तीच्या काउंटीने एवढी रक्कम कचेरीवर खर्च करावी याचे आज नवल वाटेल. परंतु त्या काळी ठाण्याचे गाव कोणते असावे यावरून शेजारील गावांत चुरस असे आणि भक्कम कचेरी हा त्या वादावरील शेवटचा निकाल असे. शिवाय जमिनीचे खरेदीखत, विवाहाची नोंद, वारसाचा दावा, कर भरणे अशा प्रत्येक कामासाठी शेतकऱ्याला या इमारतीत यावे लागे. ती त्याच्या मालकी हक्काची तिजोरी होती. म्हणून ती आगीपासून सुरक्षित आणि डोळ्यांत भरणारी असावी असे त्याला वाटे.

चौकाभोवतीच्या वॉशिंग्टन रस्त्यावर याच सुमारास दुकानांच्या ओळी उभ्या राहिल्या. १८८९ मध्ये क्रंप नाट्यगृह बांधण्यात आले. १९४१ मध्ये त्याच्या दर्शनी भागाला त्या काळच्या शैलीचा नवा साज चढविण्यात आला. १८९५ मध्ये चार्ल्स स्पॅरेल यांच्या आराखड्यानुसार कमानदार दगडी धाटणीचे नगरभवन झाले. १९०० मध्ये ग्रीसहून आलेल्या भावांनी झाहाराकोस हे मिठाई व आइस्क्रीमचे दुकान थाटले. तेथील संगमरवरी सजावट, सोड्याची नक्षीदार यंत्रे आणि आपोआप वाजणारे वाद्य यांमुळे ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे आकर्षण ठरले. मधल्या काळात बंद पडलेले हे दुकान २००९ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा उघडले.

येथवरचा इतिहास मध्य-पश्चिम अमेरिकेतील कोणत्याही ठाण्याच्या गावाला थोड्याफार फरकाने लागू पडेल. कोलंबसचे वेगळेपण विसाव्या शतकात दिसू लागले आणि त्याचे मूळ एका पेढीत होते.

पेढी आणि इंजिन

जोसेफ अर्विन हे कोलंबसमधील कापडाचे व्यापारी. त्यांच्याकडे भरवशाची तिजोरी असल्यामुळे लोक आपले पैसे त्यांच्याकडे ठेवू लागले आणि १८७१ मध्ये त्यातूनच बँक निघाली. १८६४ मध्ये बांधलेले त्यांचे घर पुढे दोन वेळा वाढविण्यात आले. १९१० च्या वेळी त्यालगत पॉम्पेईच्या प्राचीन उद्यानांच्या धर्तीवर पायऱ्यापायऱ्यांची बाग तयार करण्यात आली. ही बाग गावकऱ्यांना पाहण्यास खुली असे.

जोसेफ यांचे पुत्र विल्यम ग्लँटन अर्विन यांच्याकडे क्लेसी कमिन्स नावाचा तरुण मोटारचालक व यंत्रकारागीर म्हणून काम करी. त्याचे शालेय शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच झाले होते, परंतु यंत्रांची जाण उपजत होती. अर्विन यांच्या भांडवलावर १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली. डिझेल इंजिन त्या काळी जहाजे व मोठे कारखाने यांपुरतेच उपयोगी मानले जाई; ते रस्त्यावरील वाहनात बसविता येईल हे सिद्ध करण्यासाठी क्लेसी कमिन्स यांनी अनेक धाडसी प्रयोग केले. १९३१ च्या इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत त्यांची डिझेल मोटार इंधनासाठी एकदाही न थांबता अखेरपर्यंत धावली. तथापि कंपनीला पहिला नफा १९३७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर अठरा वर्षांनी झाला. इतका काळ तोटा सोसणारा सावकार पाठीशी नसता तर हा कारखाना उभाच राहिला नसता.

या घराण्यातील पुढच्या पिढीचे जे. अर्विन मिलर (१९०९–२००४) हे विल्यम अर्विन यांच्या बहिणीचे नातू. येल व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन १९३४ मध्ये ते कंपनीत आले आणि पुढील चार दशकांत त्यांनी तिला जगभर नेले. ते निष्ठावान ख्रिस्ती होते. अमेरिकेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे धर्मगुरू नसलेले पहिले अध्यक्ष होण्याचा मान त्यांना १९६० मध्ये मिळाला, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीस त्यांनी उघड साहाय्य केले.

पहिली ठिणगी

कोलंबसमधील आधुनिक वास्तुकलेचा आरंभ एका चर्चपासून झाला. अर्विन कुटुंब ज्या मंडळीचे सभासद होते, तिला जुने प्रार्थनामंदिर अपुरे पडू लागले, तेव्हा फिनलंडमधून अमेरिकेत स्थायिक झालेले एलियल सारिनेन यांना पाचारण करण्यात आले. मिलर यांच्या मातोश्री नेटी स्वीनी मिलर यांचा यात पुढाकार होता. १९४२ मध्ये फर्स्ट ख्रिश्चन चर्च पूर्ण झाले. फिकट पिवळसर विटा आणि इंडियानाचा चुनखडी दगड यांची ही वास्तू अत्यंत साधी आहे. टोकदार कमानी नाहीत, रंगीत काचांच्या खिडक्या नाहीत. बाजूस १६६ फूट उंचीचा चौकोनी मनोरा एकटाच उभा आहे. अमेरिकेतील आधुनिक शैलीच्या आरंभीच्या चर्चांपैकी हे एक मानले जाते. कारखान्यासारखे दिसणारे हे मंदिर पाहून त्या काळी अनेकांनी नाके मुरडली असतील. परंतु आत बसल्यावर एका बाजूने येणारा शांत प्रकाश आणि पांढऱ्या भिंती यांनी प्रार्थनेस पोषक वातावरण निर्माण होते, हे पुढे सर्वांस मान्य झाले.

या निमित्ताने एलियल यांचे पुत्र ईरो सारिनेन आणि अर्विन मिलर यांचा स्नेह जुळला. १९५४ मध्ये ईरो यांनी अर्विन युनियन बँकेची नवी इमारत उभारली. बँक म्हणजे दगडी स्तंभ आणि लोखंडी जाळ्या ही तोवरची कल्पना. ईरो यांनी चारी बाजूंना काच लावली, वर नऊ उथळ घुमट बसविले आणि रोखपालासमोरील पिंजरे काढून टाकले. शेतकऱ्याने चिखलाच्या बुटांनिशीही निःसंकोच आत यावे, असे मालकाचेच मत होते. १९५७ मध्ये त्यांनी मिलर कुटुंबासाठी घर बांधले. त्याची अंतर्गत सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांनी व उद्यान डॅन कायली यांनी आखले. त्याच जिरार्ड यांनी पुढे १९६४ मध्ये वॉशिंग्टन रस्त्यावरील जुन्या दुकानांच्या दर्शनी भागांची रंगयोजना करून दिली. जुने पाडून नवे बांधण्याच्या त्या काळात थोड्या रंगानेही जुन्या रस्त्याला नवे रूप देता येते, हे त्यामुळे गावाला कळले.

शाळांचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याबरोबर गाव वाढले आणि मुलांची संख्याही वाढली. घाईघाईने, स्वस्तात स्वस्त शाळा बांधण्याकडे कल होता. चांगले अभियंते कोलंबससारख्या आडगावी यावेत तर त्यांच्या मुलांना चांगल्या शाळा हव्यात, हा व्यावहारिक विचार मिलर यांच्या मनात होता. आणि सामान्य माणसाच्या मुलानेही सुंदर वास्तूत शिकावे, हा त्यामागील मोठा विचार होता. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या कमिन्स प्रतिष्ठानतर्फे त्यांनी शिक्षण मंडळापुढे प्रस्ताव ठेवला : जाणकारांनी सुचविलेल्या नामवंत वास्तुविशारदांच्या यादीतून मंडळाने आपल्या पसंतीचा मनुष्य निवडावा, त्याचे मानधन प्रतिष्ठान देईल, बांधकामाचा खर्च मंडळाने नेहमीप्रमाणे करावा, आराखड्यात प्रतिष्ठान ढवळाढवळ करणार नाही.

या योजनेतील पहिली शाळा हॅरी वीस यांनी आखली व ती १९५७ मध्ये सुरू झाली. १९६० मध्ये जॉन कार्ल वॉर्निकी यांची मेबल मॅकडॉवेल शाळा झाली. पुढे योजना शाळांपुरती न राहता अन्य सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी अग्निशामक दलाचे ठाणे बांधले. त्यातील पाण्याचे नळ वाळविण्यासाठीचा मनोरा हेच त्याचे दर्शनी वैशिष्ट्य ठरले. १९७१ मध्ये 'द रिपब्लिक' या स्थानिक वृत्तपत्राची काचेची इमारत मायरन गोल्डस्मिथ यांच्या आराखड्यानुसार झाली. रस्त्याने जाणाऱ्यास आतील छपाईयंत्र चालताना दिसे. १९८१ मध्ये नवे नगरभवन झाले. कमिन्स कंपनीने गावाच्या मध्यभागी मुख्य कार्यालय बांधले, तेव्हा केव्हिन रोश यांनी जुनी सिरिअलाइनची गिरणी न पाडता तिला नव्या वास्तूच्या पोटात सामावून घेतले.

या योजनेचे मर्म देणगीच्या रकमेपेक्षा तिच्या अटींत आहे. निवड लोकनियुक्त मंडळाने करायची आणि बांधकामाचा खर्चही सोसायचा, यामुळे इमारत गावाची राहिली. ती धनिकाची भेटवस्तू झाली नाही. तथापि यादी कोणी करावी, हा प्रश्न उरतोच. सौंदर्याची व्याख्या शेवटी एका घराण्याच्या रुचीने ठरली, असा आक्षेप घेता येतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

ग्रंथालय आणि त्याचे पटांगण

विसाव्या शतकाच्या आरंभी अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून अमेरिकेतील गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. कोलंबसलाही असे ग्रंथालय मिळाले. सार्वजनिक ग्रंथालयाच्या या अमेरिकन पद्धतीचा प्रभाव आपल्याकडेही पडला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ती पाहूनच १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानात आणले, हे सर्वज्ञात आहे.

कोलंबसचे जुने ग्रंथालय वाचकांना अपुरे पडू लागल्यावर नव्या इमारतीचे काम आय. एम. पेई यांच्याकडे सोपविण्यात आले. १९६९ मध्ये ती पूर्ण झाली आणि काउंटीच्या ग्रंथपाल म्हणून दीर्घकाळ सेवा केलेल्या क्लिओ रॉजर्स यांचे नाव तिला देण्यात आले. बँक, कारखाना, चर्च यांवर धनिकांची नावे असणे नवलाचे नाही. परंतु गावातील सर्वांत मध्यवर्ती सार्वजनिक वास्तूला एका ग्रंथपाल स्त्रीचे नाव दिले जावे, ही ग्रंथालय-चळवळीतील प्रत्येकास समाधान देणारी गोष्ट आहे.

पेई यांच्यापुढील प्रश्न अवघड होता. समोर सारिनेन यांचे चर्च, शेजारी अर्विन घराणे व त्याची जुनी बाग; या दोहोंना धक्का न लावता तिसरी वास्तू उभारावयाची होती. त्यांनी तांबूस विटांची, ठेंगणी, भारदस्त इमारत आखली आणि लगतच्या रस्त्याचा एक तुकडा वाहतुकीस बंद करवून समोर विटांचे प्रशस्त पटांगण निर्माण केले. मात्र त्या पटांगणात काहीतरी उणे होते. ते पुरे करण्यासाठी हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची 'लार्ज आर्च' ही सुमारे वीस फूट उंचीची ब्राँझची कमान १९७१ मध्ये तेथे बसविण्यात आली. ती मिलर दांपत्याची देणगी. हाडाच्या आकाराची आठवण देणारी ही कमान दुरून पाहण्यासाठी नाही. तिच्याखालून चालत जावे अशीच तिची योजना आहे. पुस्तके काखोटीस मारून मुले तिच्याखालून धावत ग्रंथालयात शिरतात. एका बाजूस चर्च, दुसऱ्या बाजूस ग्रंथालय आणि मध्ये सर्वांस मोकळे पटांगण, अशी ही जागा गावाचे दुसरे केंद्र बनली. पहिले केंद्र अर्थातच जुन्या कचेरीचा चौक. त्या चौकातही १९९७ मध्ये युद्धात कामी आलेल्या काउंटीतील सैनिकांचे पंचवीस चुनखडी स्तंभांचे स्मारक उभारण्यात आले.

पुण्याशी जडलेले नाते

या दूरच्या गावाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगराचा उद्योग सुरू केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली, हा इतिहास सीमाभागातील वाचकांस नवा नाही. त्यांचे पुत्र शंतनुराव किर्लोस्कर यांनी कोलंबसच्या कमिन्स कंपनीशी सहकार्याचा करार करून १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. कोथरूडच्या या कारखान्यामुळे कोलंबस हे नाव पुण्याच्या अभियंत्यांच्या घरांत परिचयाचे झाले. १९९० च्या दशकात भागीदारी संपुष्टात येऊन कंपनी कमिन्स इंडिया झाली. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे १९९१ मध्ये सुरू झालेले स्त्रियांसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही याच नावाने ओळखले जाते. चांगले शिक्षण मिळाल्याखेरीज चांगला कारखाना चालत नाही, हा कोलंबसच्या शाळांमागील विचारच जणू कर्वेनगरात येऊन पोहोचला. पुढे भारतातील अनेक कुटुंबे कामानिमित्त कोलंबसला जाऊन राहिली आणि त्यांची मुले पेई यांच्या ग्रंथालयात वाचू लागली.

आश्रयदात्यानंतर

वास्तू उभारणे एका पिढीचे काम असते; ती राखणे पुढील प्रत्येक पिढीचे. सन २००० व २००१ मध्ये कोलंबसच्या सहा आधुनिक वास्तूंना आणि २०१२ मध्ये 'द रिपब्लिक'च्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांचा दर्जा मिळाला. परंतु याच काळात गावाची खरी परीक्षा सुरू झाली.

२००४ मध्ये अर्विन मिलर निवर्तले. २००८ च्या जूनमध्ये आलेल्या महापुराने गावाचे अतोनात नुकसान झाले. रुग्णालय रिकामे करावे लागले. सीझर पेली यांनी १९७३ मध्ये बांधलेले बाजार व सभागृहाचे संकुल कालबाह्य ठरून त्याचा मोठा भाग पाडण्यात आला. त्याजागी २०११ मध्ये नवी वास्तू झाली, जुन्यातील जाँ टिंगली यांचे चालते यांत्रिक शिल्प मात्र जपून ठेवण्यात आले. २००९ मध्ये, १८७१ पासून चालत आलेली अर्विन यांची बँक आर्थिक संकटात सापडून बंद पडली. ईरो सारिनेन यांची काचेची इमारत धन्याविना उभी राहिली. ती कमिन्स कंपनीने घेऊन सभा-परिषदांसाठी वापरात आणली. वृत्तपत्राने आपली इमारत सोडली. तेथे २०१८ पासून इंडियाना विद्यापीठाचे वास्तुकलेचे शिक्षण सुरू झाले. ज्या दालनात छपाईयंत्र धडधडत असे तेथे विद्यार्थी आराखडे काढू लागले. मिलर यांचे घर कुटुंबीयांनी २००९ मध्ये इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे सोपविले आणि २०११ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले.

सर्वच वास्तूंना असे दैव लाभले नाही. १८९० मध्ये बांधलेली अर्विन ब्लॉक ही जुनी इमारत डिसेंबर २०२२ मध्ये आगीत नष्ट झाली. क्रंप नाट्यगृहावर दीर्घकाळ पडदा पडलेला राहिला. पहिल्या चर्चच्या मनोऱ्याला तडे गेले आणि सभासदांच्या वर्गणीतून तो दुरुस्त होणे अशक्य आहे हे दिसून आले. तेव्हा गावातील वारसा-संस्था, सरकारी अनुदान आणि शेकडो लहानमोठे देणगीदार यांनी मिळून दुरुस्तीचा भार उचलला. एका घराण्याने जे उभारले ते राखण्यासाठी अवघ्या गावाला हातभार लावावा लागला, ही घटना बोलकी आहे.

सर्वांत विचार करावयास लावणारी कथा नॉर्थ ख्रिश्चन चर्चची. पहिल्या चर्चमधून १९५५ मध्ये वेगळ्या झालेल्या मंडळीसाठी ईरो सारिनेन यांनी आखलेली ही षट्कोनी वास्तू १९६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी पूर्ण झाली. उतरत्या छपरातून वर चढत गेलेला १९२ फूट उंचीचा तिचा निमुळता कळस मैदानी प्रदेशात दुरून दिसतो. आत मध्यभागी वेदी आणि भोवती आसने, अशी सर्वांना समान लेखणारी तिची रचना. परंतु वर्षे लोटली तसे सभासद वृद्ध झाले, नवे येईनात, आणि एवढी मोठी वास्तू सांभाळणे मूठभरांस झेपेना. २०२२ मध्ये मंडळीने शेवटची प्रार्थना करून आपले विसर्जन केले.

राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू, परंतु तिच्यात येणारे कोणी नाही, असा पेच गावापुढे उभा राहिला. विकावी तर कोण घेणार आणि काय करणार. पाडणे तर कल्पनेपलीकडचे. अखेर ती बार्थोलोम्यू काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपविण्यात आली. ज्या गावात बँक होती, वृत्तपत्र होते, जगभर पसरलेला कारखाना होता, तेथे अनाथ झालेल्या वास्तूला आसरा देण्यास ग्रंथालय पुढे आले. याचे कारण उघड आहे. बँकेला खातेदार लागतात, चर्चला त्या पंथाचे अनुयायी लागतात. ग्रंथालयाच्या दारात मात्र कोणासही कोणत्या मंडळीचा म्हणून विचारले जात नाही. म्हणून त्याचा लोकाश्रय कमी-अधिक झाला तरी आटत नाही.

टिप्टोना हे नाव पुसले गेले, अर्विनांची पेढी मिटली, मिलर यांची पिढी काळाच्या पडद्याआड गेली. १८७४ च्या कचेरीचे घड्याळ, १९४२ चा मनोरा आणि १९६९ चे ग्रंथालय मात्र उभे आहे, आणि उभे राहण्याचे श्रेय त्यांच्या रचनाकारांइतकेच त्यांचा रोज वापर करणाऱ्या सामान्य नागरिकांना आहे. शंभर वर्षे ओलांडणाऱ्या प्रत्येक संस्थेला एके दिवशी आपल्या संस्थापकांवाचून चालावे लागते. कोलंबसने तो दिवस पाहिला, काही गमावले, पुष्कळ राखले आणि राखलेल्यातील एक सुंदर वास्तू ग्रंथांच्या स्वाधीन केली.